उलटीच्या औषधातली साखर

"तुमच्या बाळाला साखर पचत नाही," नगरच्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफीचा रिपोर्ट बाजूला ठेवत म्हणाल्या. "साखर, गूळ, मध, फळं, यातलं काहीही नाही. जन्मभर."

आमचा राहात्याचा भाग उसाचा आणि पेरूचा. नवरा शुगर फॅक्टरीत नोकरीला. आणि आमच्या दीड वर्षाच्या सुमेधला साखर चालत नाही! हसावं की रडावं कळेना. राग मात्र मनस्वी आला, आणि तो काढायचा कुणावर तेही कळेना.

आजाराचं नाव हेरेडिटरी फ्रुक्टोज इनटॉलरन्स. फळांत असते ती साखर म्हणजे फ्रुक्टोज. आपल्या रोजच्या साखरेत आणि गुळातही ती असतेच. ती पचवायला लिव्हरमध्ये एक एन्झाइम, म्हणजे पाचक द्रव्य लागतं. सुमेधच्या शरीरात ते जन्मापासूनच नीट तयार होत नाही. त्यामुळं गोड पोटात गेलं की उलटी होते, रक्तातली शुगर खाली येते आणि लिव्हरला सूज येते. आजार दुर्मीळ आहे म्हणतात. पण आपल्याच घरात आल्यावर दुर्मीळ म्हणून काय चाटायचंय? कुणाचं पोर असंच ओकत असेल, म्हणून हे लिहितेय.

अंगावर पीत होता तोवर सुमेध ठणठणीत होता. वरचं सुरू केलं, कुस्करलेलं केळं, गूळ घातलेली नाचणीची पेज, आणि उलट्या लागल्या. उलटी झाली की दरदरून घाम फुटायचा, मान टाकायचा. गावातल्या डॉक्टरांनी आधी इन्फेक्शन सांगितलं, मग दात, मग जंत. शेजारच्या काकूंनी न विचारता नजर काढली. प्रत्येक वेळी उलटीचं सिरप मिळायचं, गुलाबी रंगाचं, गोडमिट्ट. ते पाजलं की तेही ओकायचा. डॉक्टर म्हणायचे, तुम्हाला नीट पाजता येत नाही. घ्या!

घरी उपचारांची काही कमी नव्हती. औषध घेतलं की सासूबाई चिमूटभर साखर त्याच्या जिभेवर ठेवायच्या. अशक्तपणा नको म्हणून दिवसभर साखर-मिठाचं पाणी चालायचं. त्यात आमच्याकडं रीतच अशी, की लेकरू कुणाच्या दारात गेलं तर त्याला कोरड्या तोंडानं परत पाठवायचं नाही. हातावर साखर नाहीतर गुळाचा खडा ठेवायचाच. सुमेध तोंड गच्च मिटायचा, मान फिरवायचा, थुंकायचा. त्याला सगळे हसायचे. गोड नको म्हणणारं पोर कुठं असतं का, नुसते नखरे! मग कुणीतरी गाल दाबून भरवायचं.

मोठ्या दवाखान्यात गेलो तर तिथल्या डॉक्टरांनी मिल्क अ‍ॅलर्जी सांगितली, म्हणजे दुधाचं वावडं. दूध बंद करून त्यांनी सोयाची पावडर दिली. ती साखर घातलेली. झालं, आगीतून फुफाट्यात! पोराला पचत होतं ते दूधच आम्ही काढून घेतलं होतं. त्याचं पोट फुगलं, हातापायाच्या काड्या झाल्या, डोळ्यांत पिवळी झाक आली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे पोर आपल्या हातून जाणार.

अ‍ॅडमिट केलं. सलाईन लावलं, तोंडानं काही द्यायचं नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या खिदळायला लागला. घरी आणला की पुन्हा तेच. काकू म्हणाल्या, दवाखान्यात बरं राहतंय म्हंजी घरातच कायतरी हाय. मी त्यांना हात जोडले आणि दार लावून घेतलं. पोर डोळ्यांदेखत वाळत होतं आणि घोडं कुठं पेंड खातंय ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

शेवटी सासूबाईंना सोबत घेऊन नगर गाठलं. सोनोग्राफीत लिव्हर वाढलेलं दिसलं. आत बोलावलं तेव्हा मी नेहमीचं पाढे म्हटल्यासारखं सांगायला लागले, काय खातो, कधी ओकतो. डॉक्टरीणबाईंनी मला थांबवलं.

"तो काय खात नाही?"

आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या आधी सासूबाई बोलल्या.

"गोडाला तोंड लावत न्हाई वो. केळं दिसलं तरी पळतंय. लई नखरे."

"नखरे नाहीत, आजी. इतके महिने तो तुम्हाला हेच सांगतोय."

सासूबाईंनी सुमेधला छातीशी धरलं.

गोड त्याच दिवशी बंद केलं, दूध पुन्हा सुरू केलं. त्या आठवड्यातच उलट्या थांबल्या. जीन टेस्टसाठी, म्हणजे आईबापाकडून आलेला दोष शोधण्यासाठी, रक्त पाठवलं. रिपोर्टात तेच निघालं, पण त्याआधीच मला उत्तर कळलं होतं.

आता दूध, भात, तूप, अंडं आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या भाज्या एवढ्यावर त्याचं चालतं. निव्वळ ग्लुकोज चालतं, कारण त्यात फ्रुक्टोज नसतं; साखर नाही. औषध कुठलंही असो, त्यात साखर किंवा सॉर्बिटॉल आहे का ते मी आधी विचारते. सॉर्बिटॉल म्हणजे साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य, शुगर-फ्री सिरपमध्येही असतं आणि तेही त्याला घातक. काही सलाईनमध्येही हे असतं, म्हणून सलाईन लावायची वेळ आली तरी आजाराचं नाव आधी सांगते. मेडिकलवाला मला बघून वैतागतो. वैतागू दे.

लिव्हरची सूज उतरलीय, वजन वाढतंय. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार फिटायचे नाहीत. त्यांनी आमच्या पोराचं म्हणणं आम्हाला ऐकायला लावलं.

परवा बुद्धपौर्णिमेला विहारात खीर वाटत होते. परगावाहून आलेल्या एका मावशींनी सुमेधला मांडीवर घेतलं आणि चमचा पुढं केला. त्यानं तोंड मिटलं. "असं करत्यात व्हय? एक घास खा, राजा," म्हणत त्यांनी त्याची हनुवटी धरली. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत सासूबाई पोचल्या होत्या. त्यांनी मावशींच्या हातातला चमचा काढून घेतला.

"सोडा त्याला. त्यानं न्हाई म्हनलंय."