साक्षीसाठी पांढरा सदरा

१९८९, मार्चमधला एक सोमवार, जळगावचं कोर्ट. हजर मंडळी: मी, माझे थोरले भाऊ, वकीलसाहेब आणि खान्देशभर गाजलेला ऑर्केस्ट्राचा गायक. त्याच्यावर कार्यक्रमाच्या ठेकेदाराचं डोकं फोडल्याचा खटला होता.

गायक आणि भाऊ एकाच गुरूचे शिष्य. त्या पंथाबद्दल लोक नाही नाही ते बोलायचे, त्यामुळे निम्म्या गावाने गायकाला आधीच दोषी ठरवलं होतं. त्याला सोडवू शकेल असा साक्षीदार एकच, भाऊ.

वकिलांनी बजावलं होतं, "भाऊ, माळ घरी ठेवा. पंथाचा विषय काढू नका." मी त्यांचा पंथाचा लाल झब्बा उतरवून त्यांना पांढरा सदरा घातला. अगदी हेडमास्तर दिसत होते.

सरकारी वकिलांनी विचारलं, "त्या संध्याकाळी आरोपी कुठे होता?"

"धुळ्याला, शिबिरात. माझ्या शेजारी."

"काय करत होता?"

आमचे वकील जोरात खोकले. भाऊ म्हणाले, "ध्यान. डोळ्यांवर पट्टी बांधून रडत होता."

मागून कोणीतरी अहिराणीत म्हणालं, "बठ्ठं नाटक शे!" म्हणजे सगळं नाटक आहे. हशा पिकला.

"पट्टी तुमच्याही डोळ्यांवर होती ना? मग ओळखला कसा?"

"साहेब, आम्ही सगळे नुसते रडत होतो. हा सुरात रडत होता."

न्यायाधीशही हसले. पुढे गायक सुटला, पण गावाच्या मते ती गुरूची करणी!

भाऊ वैतागून म्हणाले, "तू तरी एकदा शिबिराला येऊन बघ."

जायचं नक्की आहे. अजून जमलेलं नाही.