शेवटच्या खोलीतला लॉट

क्लासवाल्या सरांना मी ते अंडी विकायचे तेव्हापासून ओळखते. वडिलांच्या घाऊक दुकानात बसायचे. एकेक अंडं दिव्यासमोर धरायचे आणि तडा दिसला की न बोलता बाजूच्या ट्रेमध्ये ठेवायचे. त्या ट्रेला ते ब्रेकेज म्हणत. गिऱ्हाइकाला कधी फसवलं नाही. हसतमुख माणूस, माझ्या एवढ्याशा धाकटीला "या ताई" म्हणायचा.

पुढे दुकान भावाकडे गेलं आणि सरांनी वरच्या मजल्यावर गणिताचा क्लास काढला. शिकवायचेही बरं. पण दुकानातले शब्द त्यांच्या मागोमाग जिना चढून वर आले. गाडीतून उतरलेली अंडी म्हणजे लॉट, तशी जूनमध्ये आलेली मुलंही लॉट. फी भरणारे आम्ही आईबाप म्हणजे पार्टी. सेट आधी प्रश्नपत्रिकांचा असायचा, मग जाहिरातीत फोटो छापायच्या मुलांचा झाला. जिन्यात दोघं बोलत उभी राहिली की लगेच कपल. आणि मुलांची संख्या म्हणजे स्ट्रेंथ. सगळ्यात मोठी स्ट्रेंथ सगळ्यात कच्च्या बॅचची, कारण तिच्या फीवर पहिल्या बॅचचा एसी चालायचा.

दर परीक्षेनंतर मार्कांप्रमाणे मुलांना दप्तरासकट उठवून खोल्या बदलायला लावत. पहिली खोली रस्त्याकडची, काचेची. शेवटची संडासाला लागून. धाकटी यंदा घसरत घसरत तिथे पोचली. घरी आली की आधी कोपरापर्यंत हात धुवायची, मग बाही हुंगून बघायची. ताट अर्धं टाकून उठायची. विचारलं तर म्हणे, वास येतो. हे म्हणाले, वय आहे, होईल ठीक. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी मी क्लास सुटायच्या वेळी सरांना गाठलं.

सर फोनवर होते. बसा म्हणून हात केला. मी बसले नाही. मुलगी नीट जेवत नाही, मार्क राहू देत, पण तिला त्या खोलीतून काढा, असं सांगितलं. त्यांनी फोन छातीशी धरला.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका. कुठल्याही लॉटमध्ये थोडं ब्रेकेज धरावंच लागतं."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. अंड्यांबद्दल बोलायचे तितकाच मऊ आवाज. वळून पाहिलं तर धाकटी दप्तर पोटाशी धरून दारात उभी होती.

हिला उद्यापासून पाठवणार नाही, म्हटलं. हरकत नाही, म्हणाले. आम्ही जिन्याशी पोचतो न पोचतो तोच मागून फोनवरचं बोलणं ऐकू आलं, "एक सीट रिकामी झाली बघा. पार्टी असेल तर पाठवा."

खाली दुकानाच्या पायरीवर तडा गेलेल्या अंड्यांचा ट्रे स्वस्तात न्यायला ठेवला होता. धाकटी त्याला लांबून वळसा घालून गेली. कोपऱ्याशी आल्यावर तिने विचारलं,

"आई, आता मी कुठल्या बॅचला?"

"कुठल्याच नाही."

ती थांबली. "म्हणजे शेवटच्या बॅचच्याही खालच्या?"