दादाचं जाकीट आणि रॉकवाल्यांची इज्जत

मंडळी, नांदेडहून आत्ताच लातूरला घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहून राहिले.

आम्ही तिघं भावंडं लग्नात, हळदीत गातो. आईनं शिवलेली एकसारखी चमचम जाकिटं घालतो. आज एका कॉलेजच्या गॅदरिंगला आमच्यानंतर हार्ड रॉक बँड होता. त्यांचा ड्रमर आलाच नाही. त्यांचा गिटारवाला दादाकडं आला, "भाऊ, तेवढं सांभाळून घ्या."

हळदीत ऑक्टोपॅड वाजवणारा आमचा दादा घरी दार लावून हेच संगीत वाजवतो. लगेच "हाव, वाजवतो" म्हणाला.

तर गिटारवाला म्हणतो, "फक्त ते जाकीट काढा. फॅमिली ग्रुपवाले वाटता, आमची इज्जत जाईल."

दादानं गुपचूप जाकीट काढून माझ्या हातात दिलं. आणि ड्रम असे वाजवले की मागच्या खुर्च्यांवरची पोरं उभी राहिली. शेवटी गिटारवाल्यानं माईकवर सगळ्यांची नावं घेतली. दादाचं न्हाई.

तासाभरापूर्वी, आम्ही वाटेत असतानाच, त्याच गिटारवाल्याचा दादाला फोन. त्याच्या बहिणीची हळद आहे. "जाकिटं घालूनच या भाऊ, आमच्या आईला असली लई आवडतात."

दादा हाव म्हणायच्या आत मी फोन घेतला. म्हटलं, "येतो. पण दादाचं नाव माईकवर तू घ्यायचं, आणि आमच्यासारखं जाकीट घालून. माप पाठव, आई शिवून देईल."

पलीकडून अजून माप आलं नाही. जास्त बोलले का मी?