चौथ्या प्रश्नाचा राग

दिनकररावांनी लाल पेन्सिलीनं चौथ्या उत्तरावर फुली मारली आणि कागद येडबापुढे सरकवला. पाचातली चार उत्तरं बरोबर होती. येडबाला ती चार दिसलीच नाहीत.

“मास्तर, हे चूक कसं?”

“प्रश्न काय आहे? ‘हे लोक समाधानी का असतात?’ आणि तू लिहिलंस, ‘ते समाधानी नसतात.’ हे काय उत्तर झालं?”

“खरं हाय ते.”

“खरं कुणी विचारलंय? उताऱ्यात काय आहे, ते विचारलंय.”

दिनकरराव परभणी स्टेशनावरून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. रेल्वेचा कारभार इंग्रजीत, त्यामुळे तीस वर्षं त्यांची इंग्रजीशीच सोयरिक होती. येडबा रोज संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर यायचा. ते खिशातलं घड्याळ पाटावर ठेवायचे, जुन्या पुस्तकातला एखादा उतारा काढून द्यायचे आणि अर्ध्या तासानं पेन्सिल उचलायचे.

येडबा पालमकडचा, धनगराच्या घरातला. एका साली जंगलाच्या शिपायानं बापाची मेंढरं कोंडवाड्यात घातली. बाप उर्दू दरख्वास्त दुसऱ्याकडून लिहून घेऊन कचेरीच्या पायरीवर सात दिवस बसला होता. तेव्हापासून येडबाच्या डोक्यात वकिली होती. घरात मराठी, शाळेत उर्दू, हैदराबादेत बी.ए. झाला तोही उर्दूतूनच. मग त्यानं पुण्याच्या एका कायद्याच्या कॉलेजाला अर्ज केला. तिकडून उत्तर आलं : आपली पदवी उर्दू माध्यमाची आहे, सबब इंग्रजी वाचनाच्या परीक्षेत उतरल्याखेरीज एलएल.बी.च्या वर्गात घेता येणार नाही.

त्या पत्रापासून तो धुमसत होता. उर्दू काय त्यानं मागून घेतली होती? मोगलाईतल्या सरकारनं शिकवली ती शिकला. आता त्याचीच शिक्षा.

आणि त्यात हा उतारा. कुणी एक साहेब दख्खनच्या मेंढपाळांवर लिहीत होता. मेंढपाळाला उद्याची चिंता नसते म्हणे. आभाळ, कळप आणि भाकर एवढ्यावर तो राजासारखा सुखी.

“माझा बाप मेंढरं राखतो, मास्तर. मला म्हाईत हाय. हा साहेब खोटं लिहायलाय!”

“लिहू दे. तुला परीक्षेत गुण कोण देणार? तुझा बाप?”

येडबा ताडकन उठला. कागदाचा बोळा करून त्यानं अंगणात भिरकावला. “बाप न्हाई देणार. पण बापाच्या नावानं खोटं लिहून गुण नको मला.”

पायताणं हातात घेऊनच तो बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. तिसऱ्याही नाही. ज्या शाळेत तो शिकवत होता तिथं एका पोरावर विनाकारण खेकसला आणि मग स्वतःवरच चिडला. आठवड्यानं सुट्टी लागताच गंगाखेडपर्यंत आगगाडीनं आणि पुढं पायी, असा तो घरी निघाला. बोळा केलेला कागद अंगणातच राहिला होता, पण उतारा त्याला पाठ झाला होता. रागानं पाठ झालेलं विसरत नाही.

चैत्र होता. रानं मोकळी झाली होती. खतासाठी एका शेतकऱ्यानं आपल्या वावरात मेंढरं बसवली होती. बाप, आश्रुबा, एका मेंढीचा खूर तासत होता. आई, म्हाळसाबाई, चुलीवर कालवण ढवळत होती. येडबानं पाणीही घेतलं नाही. उभ्या उभ्याच त्यानं अख्खा उतारा मराठीत सांगितला.

म्हाळसाबाईनं पळी भांड्यावर आपटली.

“उद्याची चिंता न्हाई? पावसाळ्यात मेंढरं कुठं न्यायची म्हणून तुझा बाप फाल्गुनापासून गावंगाव हिंडायलाय, ते काय जत्रा बघायला? आन त्या साहेबाला भाकर लय सोपी वाटली व्हय? ये म्हणावं, थाप एक!”

येडबाला बरं वाटलं. हेच तर तो म्हणत होता. आश्रुबानं मात्र मेंढीचा पाय सोडला, विळा पुसला आणि विचारलं, “किती दिस होता त्यो आपल्या लोकांत?”

“कोण?”

“त्योच, साहेब.”

उताऱ्याचं पहिलंच वाक्य येडबानं मनात पुन्हा म्हटलं. घोडी विसाव्याला थांबली असताना एका दुपारी मी या लोकांना पाहिलं. एका दुपारी! उतारा त्यानं दहा वेळा तरी वाचला होता. हे शब्द पाठ होते आणि तरी एकदाही दिसले नव्हते.

“एक दुपार, आबा.”

“मंग कशाला चिडायलास?” आश्रुबा म्हणाला आणि दुसरी मेंढी ओढायला गेला.

पण येडबाचा राग गेला नाही. तो नुसता वळला. साहेबावर होता तो आता स्वतःवरही आला. आपण ज्याला उलटून बोलत होतो, त्याचं बोलणंच धड ऐकलं नव्हतं. त्यानं वही काढली आणि तिथंच ढेकळात बसून इंग्रजीत लिहिलं : घोडी विसाव्याला थांबली असताना लेखकानं एका दुपारी या लोकांना पाहिलं. तेवढ्या वेळात त्याला त्यांच्यात उद्याची चिंता दिसली नाही, म्हणून त्याच्या मते ते समाधानी आहेत.

परभणीला परतल्यावर त्यानं वही दिनकररावांपुढे ठेवली. त्यांनी दोनदा वाचली. पेन्सिल उचलली नाही.

“पूर्ण गुण,” ते म्हणाले. मग म्हणाले, “साहेबांचे शेरे मीही तीस वर्षं वाचले रे. दरवेळी तुझ्यासारखा भडकलो असतो तर नोकरी झाली नसती.”

“एकदा तरी भडकायचं होतं, मास्तर.”

दिनकररावांचा चेहरा उतरला. पुस्तकाचं पान उलटून त्यांनी पुढचा उतारा दिला आणि घड्याळ पाटावर ठेवलं. त्यानंतरचे दोन महिने येडबानं प्रत्येक उतारा असा वाचला, जणू एखादा साक्षीदार उलटतपासणीला समोर उभा आहे. कोण सांगतोय? कुठून पाहिलं? कुणाला विचारलं?

जूनमध्ये पुण्याला परीक्षा झाली. उतारा समुद्रातल्या दीपस्तंभांवर होता. येडबानं समुद्र जन्मात पाहिला नव्हता, त्याचाही त्याला राग आला. पण पहिलं वाक्य त्यानं तीनदा वाचलं आणि मगच टाक दौतीत बुडवला.

तो उतरला. प्रवेशाच्या दिवशी कचेरीतल्या गृहस्थांनी त्याची उत्तरपत्रिका चाळली, चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि कौतुकानं म्हणाले, “तुमच्यासारख्याच्या मानानं इंग्रजी फारच चांगलं आहे हो.”

येडबाची कानशिलं तापली.

“माझ्यासारख्याच्या म्हणजे कुणाच्या?” त्यानं विचारलं.

गृहस्थ गडबडले. “तसं नव्हे, म्हणजे तुम्ही तिकडचे, मोगलाईतले...”

“किती वेळा आलात तिकडं?”

मागं रांगेत उभी असलेली पोरं माना उंचावून बघू लागली. गृहस्थांनी अर्ज पुढे सरकवला. येडबानं तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचून काढला आणि मग सही केली : येडबा आश्रुबा धनगर, मुक्काम पालम, जिल्हा परभणी.