मलाबी धरा

समस्त नगरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की कचेरीसमोर रोज गुमान बसणाऱ्या एका माजी सैनिकामुळे सार्वजनिक शांतता धोक्यात आली होती, म्हणून त्याला तुरुंगात नेण्यात आले.

मी समोरच चहा पीत होतो. युद्धात पाय गमावलेल्या खर्ड्याकडच्या एका म्हाताऱ्या जवानाला कागदोपत्री मृत ठरवून त्याची पेन्शन बंद केली होती. म्हणून हा माजी सैनिक कडक इस्त्रीत, छातीवर पदकं लावून त्याच्याशेजारी बसे. नाव मी कधी विचारलं नाही.

पोलिस आले, तर यानं त्यांनाच रांगेत उभं केलं. एकाला म्हणाला, "बटन लाव आदी. अटक कराया आलायस, बाजाराला न्हाई."

मग फौजदारानं या माजी सैनिकाचं नाव, वय, 'प्रकृती ठणठणीत' असं वहीत लिहून घेतलं. म्हातारा कुबडीवर उठत म्हणाला, "सायेब, मलाबी धरा. तुमच्या वहीत तरी जित्ता व्हईन."