आतून न घासलेले पिंजरे

हे घरात कुणाला माहीत नाही, कंपनीत तर नाहीच. तुला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर थोडं लपता आलं असतं. शाळेत मी इंग्रजीतच तर शिकले. म्हणूनच मराठीत लिहिते आहे.

माझी आत्या आता आमच्याकडे चिखलीत राहते. दिवसभर बाल्कनीत बसते. खालून टेम्पो जातात, शेजारच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर किंचाळतो, आणि ती मध्येच म्हणते, "आता खाडीत भरती आसतली." कुणाला सांगते? मी ऐकू न आल्यासारखं करते.

खाडी मालवणकडची. तिथे आत्या आणि तिची शेजारीण सुमतीकाकी मिळून कालवं, म्हणजे खायचे शिंपले, वाढवायच्या. तराफ्याखाली जाळीचे पिंजरे टांगलेले, त्यांत कालवं. पण पाण्यात काहीही टांगा, त्यावर नको ते जीव येऊन बसतात — शेवाळ, स्पंज, पांढऱ्या टोकदार कवचांचे थर. जाळीची भोकं बुजतात, पाणी आत फिरत नाही, कालवं उपाशी मरतात. म्हणून पिंजरे वर ओढायचे, उघडायचे, आतून-बाहेरून खरवडायचे. एकदा आत्याने, पुढच्या वेळी काकीने. प्रत्यक्षात दोघी बहुतेक वेळा बरोबरच असायच्या. काकी म्हणायची, "तुझ्या सुरीक धार नाय गो, जिभेक हा!" आत्या तिच्या अंगावर पाणी उडवायची. सुट्टीत गेले की मी तराफ्याच्या टोकाला बसून बघायचे. तशी मैत्रीण मला कधी मिळाली नाही — आजही नाही.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी तिकडे होते, तेव्हा आत्याचा पाय मुरगळला. काकी मुलीच्या साखरपुड्याच्या धावपळीत होती. आत्या म्हणाली, "बाय, ह्या वेळी तू कर. पण उघडून हां."

मी गेले. पहिला पिंजरा उघडला. आत काहीतरी वळवळत होतं, वास येत होता. मी तो बंद केला. आणि मग — सगळेच बाहेरून खरवडले. फक्त बाहेरून. वरून बघितलं तर चकचकीत. घरी येऊन म्हटलं, "झाले. आतून पण."

तिने विचारलंसुद्धा नव्हतं. 'आतून पण' हे मीच जोडलं.

मी चिखलीला परतले. पुढची वेळ काकीची होती. साखरपुड्यामुळे तिला थोडा उशीर झाला. तिने पिंजरे उघडले तेव्हा बहुतेक कालवं मेलेली होती. आत्याने तिला नाही नाही ते ऐकवलं — माझ्या भाचीने एवढे स्वच्छ करून ठेवलेले, तू वाट लावलीस. मग मला फोन करून विचारलं, "तू नीट केलंस ना?" मी म्हटलं, हो.

त्या 'हो'नंतर दोघी बोलल्या नाहीत. एकटीला पिंजरे ओढवेनात. तराफा मोडला, आत्या आमच्याकडे आली.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, भोकं टॉर्च लावून तपासते. ऑपरेटर चिडवतात, "मॅडम, किती आत बघता राव!" मी हसते. जेवणाच्या सुट्टीत डोळे मिटले की तराफा हलतो, आणि दोघींचं हसू पाण्यावरून येतं. तिथे परत जायचा हक्क मला आहे का?

गेल्या रविवारी आत्याने फोन माझ्यापुढे धरला. "लाव तिका. सांगूचा आसा, माफ केलंय म्हणान." मी फोन लावला, स्पीकर चालू केला. आधी दोघी नुसत्या रडल्या. मग आत्या म्हणाली, "जाऊ दे गो. झाला ता झाला."

"नाय गो," काकी म्हणाली, "माझाच चुकला. चेडवाच्या साखरपुड्यात मी उशीर केलंय."

तिला ते खरंच वाटतं. इतकी वर्षं ती हेच मानत आलीय. आत्या मान हलवत होती, चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता. फोन माझ्या हातात होता. एक वाक्य — त्याला किती वेळ लागला असता?

"आणि बाय कशी आसा?" काकीने विचारलं. "पोरीन किती मेहनत केल्यान तेव्हा."

आत्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मी म्हणाले, "बरी आहे, काकी." आणि तो हात तसाच राहू दिला.