रेडिएटरमधली हळद

नव्वदच्या दशकात मी मलकापुरात राहत होतो आणि माझ्याकडे माझ्याहून वयानं मोठी अशी एक विलायती मोटार होती. तिचे सुटे भाग कुठंच मिळत नसत. पंख्याचा पट्टा मी पिठाच्या गिरणीवरून आणला होता आणि पाण्याचा पाइप विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा होता. आईचा त्या गाडीवर मुळीच विश्वास नव्हता.

एकदा आईचे डोळे दाखवायला सांगलीला निघालो. कुंडलजवळ बॉनेटमधून वाफ यायला लागली. रेडिएटरला बारीक भोक पडलं होतं. गाडी निवल्यावर पाणी ओतलं, तर ते खालून गळू लागलं. भोकाला साबण लावून बघितला, तोही टिकला नाही.

आई खाली उतरली. "हळद घाल की रं त्यात. बोट कापल्यावर रगात थांबतंय, मग पाणी न्हाई व्हय थांबायचं?"

मी हसलो. तिनं माझ्याकडे लक्ष न देता जवळच्या वस्तीवरून मूठभर हळद मागून आणली. दुसरा उपाय नव्हता म्हणून मी ती आत टाकली आणि इंजिन चालू केलं. दहा-एक मिनिटांत गळती थांबली. आई गाडीत जाऊन बसली.

त्या हळदीवर गाडी दिवाळीपर्यंत चालली. मग तापू लागली, तेव्हा मिस्त्रीनं रेडिएटर उघडला. आतल्या नळ्या पिवळ्या गाळानं तुंबल्या होत्या. साफ करताना त्यानं मला लय शिव्या दिल्या. आईला मी त्यातलं काहीच सांगितलं नाही.